चॅम्पियन ग्रेट डेनचा निरोप : रुबाबात उभा राहणारा कुत्रा आणि न दिसलेलं दुखणं

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका बागायतदार कुटुंबाकडचा हा नर ग्रेट डेन. रंग फॉन (फिकट तपकिरी), खांद्यापाशी उंची ८६ सेंटीमीटर, वजन ६४ किलो, वय आठ वर्षं. ओळख पटू नये म्हणून इथे त्याला ‘सरदार’ म्हटलं आहे; गाव, माणसं आणि शोची, म्हणजे श्वान-प्रदर्शनांची, ठिकाणं गाळली आहेत. केनेल क्लब ऑफ इंडियाचा चॅम्पियन किताब त्याने तिसऱ्या वर्षीच मिळवला होता. पुढचे तीन हंगाम तो ग्रुप २ मध्ये, म्हणजे डोबरमन, रॉटवायलर, बॉक्सर यांच्या रांगेत सातत्याने वर राहिला. सहाव्या वर्षी त्याला शोच्या रिंगमधून काढलं. त्यानंतर शेतघराचं अंगण, उसाच्या बांधावरून सकाळ-संध्याकाळ फेरी आणि सोबतीला दोन वर्षांची डेन मादी, असं त्याचं आयुष्य सुरू होतं.

नोंदणीपत्रावर दोन नावं होती: सांगलीचे मालक आणि सह-मालक म्हणून पुण्यातले ब्रीडर, म्हणजे पैदास करणारे. शिवाय चार हंगाम त्याला देशभर फिरवणारा पगारी हँडलर. आणि रोज खायला घालणारा, गोचीड काढणारा, रात्री पडवीत त्याच्याशेजारी झोपणारा शेतावरचा गडी. घरात मालकांच्या पत्नी, आई आणि दहा वर्षांचा मुलगा. साध्या पाळीव कुत्र्याच्या मानाने इथे हक्काची माणसं जास्त होती. पुढे गुंता वाढला तो यामुळेच.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं. शोच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा असल्यापासून ‘स्टॅक’ शिकवतात: चारही पाय चौकोनात, पाठ सरळ, मान वर, नजर समोर. जज दात बघतो, खांदे चाचपतो, अंडकोष तपासतो, तरी कुत्र्याने हलायचं नाही. उकडलेल्या लिव्हरचे तुकडे आणि रोजचा सराव यांतून ही सवय इतकी मुरते की गळ्यात शोची बारीक साखळी पडली की कुत्रा आपोआप उभा राहतो. दुखत असलं तरी.

अडचण कशी सुरू झाली

मे महिन्याच्या मध्याला सरदार डावा पुढचा पाय किंचित उचलून टाकू लागला. फेरीनंतर जास्त, सकाळी कमी. मालकांनी हँडलरला फोन केला. बांधावरून उतरताना मुरगळला असेल, असं त्याने सांगितलं. स्थानिक डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती आणि मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दिलं. पाच दिवसांत लंगडणं जवळजवळ थांबलं आणि सगळे निर्धास्त झाले.

मोठ्या जातीच्या कुत्र्यांत नेमकी इथेच फसगत होते. वेदनाशामकाने लंगडणं कमी झालं यावरून कारण कळत नाही. मुरगळलेल्या पायाला जसा गुण येतो तसाच गाठीच्या पायालाही काही दिवस येतो. गोळ्या संपल्या आणि लंगडणं परतलं. मग रक्त तपासलं, प्लेटलेट्स थोड्या कमी आल्या, म्हणून गोचीडतापाचं निदान झालं आणि डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा २८ दिवसांचा कोर्स सुरू झाला. आपल्याकडे गोचीडताप इतका आहे की ही शंका चुकीची नव्हती. त्या तापातही सांधे दुखतात, कुत्रा लंगडतो. पण तो त्रास बहुधा एकाहून जास्त सांध्यांत असतो, कधी या पायाला तर कधी त्या. इथे दुखणं एकाच पायात, एकाच जागी, मनगटाच्या चार बोटं वर होतं. तिथे दाबलं की कुत्रा मान वळवून हाताकडे बघायचा.

जूनच्या अखेरीस त्या जागेवर सूज दिसली तेव्हा एक्स-रे झाला. आठ वर्षांच्या, ६४ किलोच्या कुत्र्याचा एकच पाय दोन आठवड्यांच्या पलीकडे दुखत असेल तर एक्स-रे पहिल्याच फेरीत काढावा, दोन बाजूंनी, भूल हलकी देऊन. या प्रकरणात जवळपास सहा आठवडे गेले.

एक्स-रेमध्ये कोपर ते मनगटामधल्या रेडियस हाडाचं खालचं टोक पोखरलेलं होतं. बाहेरच्या बाजूला नवं हाड आडवं-तिडवं वाढलं होतं, पण सांध्याच्या पलीकडच्या हाडाला धक्का नव्हता. हाडाच्या कर्करोगाचं, ऑस्टिओसार्कोमाचं, हे ठरलेलं चित्र. पुढच्या पायात तो कोपरापासून दूर आणि मागच्या पायात गुडघ्याजवळ होतो. सुईने पेशी काढून तपासल्यावर निदान पक्कं झालं. छातीचे तीन बाजूंनी काढलेले एक्स-रे स्वच्छ होते. घरच्यांना याचा मोठा दिलासा वाटला, तो डॉक्टरांनी लगेच दुरुस्त केला: निदानाच्या वेळी दहातल्या नऊ कुत्र्यांत सूक्ष्म पेशी फुप्फुसात पोचलेल्या असतात, फक्त एक्स-रेवर दिसण्याइतक्या मोठ्या झालेल्या नसतात.

समोर असलेले मार्ग

पाय खांद्यापासून काढून कार्बोप्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध देणं, हा आयुष्य वाढवणारा मुख्य मार्ग. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने, केमो जोडली तर दहा ते बारा महिने, असा मधला अंदाज असतो. केमोचा डोस वजनावर नाही तर शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो. ६४ किलोला सुमारे १.६ चौरस मीटर, म्हणजे दर तीन आठवड्यांनी ४८० मिलिग्रॅमच्या आसपास, असे चार ते सहा डोस, आणि प्रत्येक डोसआधी रक्ततपासणी.

पाय काढल्यावर दुखणं मुळापासून जातं, हे लोक विसरतात. बहुतेक कुत्री आठवडाभरात तीन पायांवर चालू लागतात, मोठ्या जातीचीही. पण कुत्र्याच्या वजनाचा साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे पुढचा पाय जाणं मागच्यापेक्षा जड पडतं. सरदारचे दोन्ही खुबे झिजलेले होते आणि मानेच्या मणक्यांतही दोष होता. मागचं पाऊल वळवून टाकण्याची सवय त्याला वर्षभर होती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी तपासून ‘या कुत्र्यात नको’ असा स्पष्ट सल्ला दिला.

पाय न काढण्याचं वैद्यकीय कारण भक्कम होतं. पण घरातल्या चर्चेत आधी आलं होतं ते दुसरंच वाक्य: ‘चॅम्पियन तीन पायांवर बघवणार नाही.’ इथे दोन्हींचा निष्कर्ष योगायोगाने एकच निघाला. खुबे धडधाकट असते तर या वाक्याने कुत्र्याचं नुकसान केलं असतं.

पाय वाचवून फक्त हाडाचा भाग बदलण्याची शस्त्रक्रिया आणि दुखणं कमी करण्यापुरतं रेडिएशन हे मार्ग कागदावर होते. पोचण्याजोग्या अंतरावर नव्हते. लगेच निरोप देणं हाही मार्ग डॉक्टरांनी न कचरता मांडला. कुटुंबाने तो नाकारला आणि वेदनाशमनाचा मार्ग घेतला.

सह-मालकांनी मध्येच आणखी एक विषय काढला: वीर्य गोठवून ठेवावं. त्यांच्याकडे दोन माद्यांची विचारणा होती. या रोगात आनुवंशिकतेचा भाग आहे आणि काही जातींत, काही घराण्यांत तो ठळकपणे जास्त दिसतो. ग्रेट डेन त्यांतली एक. नर आठव्या वर्षी या रोगाने जातो आहे हे माहीत असताना त्याचं वीर्य साठवणं कुठल्याही सबबीत बसत नाही. मालकांनी नकार दिला. त्याच्या आधीच्या तीन वेतांतल्या पिलांच्या मालकांना निदान, वय आणि गाठीची जागा कळवावी असंही त्यांनी सुचवलं. सह-मालकांना हे आवडलं नाही, ‘लाइनचं (घराण्याचं) नाव जातं’ म्हणून. पत्र शेवटी गेलं, पण ऑगस्टच्या अखेरीस. तोवर एका पिलाचं मेटिंग होऊन गेलं होतं.

काय केलं : औषधं आणि घर

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठरलेली औषधं अशी. हे आकडे या एका कुत्र्याचे, त्याच्या मूत्रपिंड-यकृताच्या तपासण्या पाहून ठरवलेले आहेत. दुसऱ्याला जसेच्या तसे लागू नाहीत. मेलॉक्सिकॅम दिवसातून एकदा, किलोला ०.१ मिलिग्रॅम, जेवणानंतरच. गॅबापेंटिनच्या ३०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, आठ-आठ तासांनी. अमँटाडिन १०० मिलिग्रॅमच्या दोन, दिवसातून एकदा. याचा गुण दिसायला दोन आठवडे जातात, त्यामुळे ते उशिरा सुरू करण्यात अर्थ नाही. महिन्यातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक ॲसिड, सलाइनमध्ये, पंधरा-वीस मिनिटांत हळू. हाड पोखरण्याचा वेग त्याने कमी होतो आणि दुखणंही. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघणं सक्तीचं.

दोन गोष्टी बिघडल्या. गॅबापेंटिनने पहिले तीन दिवस कुत्रा झिंगल्यासारखा चालला आणि घाबरून घरच्यांनी दोन डोस गाळले. हे सुरुवातीला होतंच, अर्ध्या डोसपासून चढवत नेलं असतं तर टळलं असतं. दुसरं, एका नातेवाइकाने माणसांची ॲसिक्लोफिनॅकची गोळी दिली. मेलॉक्सिकॅमवर ती पडल्याने काळी शी झाली, दोन्ही बंद करून पाच दिवस पोटाची औषधं द्यावी लागली आणि ते पाच दिवस दुखण्याला आधार राहिला नाही. माणसांच्या वेदनाशामकांपैकी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक कुत्र्याच्या जवळपासही ठेवू नयेत. गॅबापेंटिनचं पातळ औषध घेताना त्यात झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ नाही ना हेही बघावं. कुत्र्याला ते विषारी आहे.

घरात जो बदल सर्वांत उपयोगी पडला तो फुकटचा होता. शोच्या वेळचे रबरी मॅट माळ्यावर पडून होते, ते शहाबादी फरशीवर पडवीपासून अंगणापर्यंत अंथरले. पोखरलेलं हाड मोडतं ते बहुधा घसरल्याने किंवा उडी मारल्याने. जीप बंद, जिना बंद, मादीबरोबर खेळणं फक्त दोरीवर.

निर्णयाचा कणा : ‘उभा तर छान राहतो’

जगण्याचा दर्जा मोजण्यासाठी डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांची सात मुद्द्यांची पट्टी वापरली: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा. एकूण ३५ च्या वर असेल तर पुढे जाण्याजोगं. जुलैच्या अखेरीस मालकांनी ४८ गुण दिले. डॉक्टरांनी २९. एकाच कुत्र्याला, एकाच आठवड्यात.

हा फरक प्रेमाने आंधळं झाल्यामुळे पडला, असं म्हणून सोडून देता येतं. पण कारण जास्त नेमकं होतं. मालकांची नजर आठ वर्षं बाहेरची ठेवण बघायला तयार झाली होती: पाठ, खांद्याचा कोन, मान. ते जवळ आले की सरदार उठायचा, पाय चौकोनात टाकायचा आणि मान वर करायचा. ते बघून मालक गुण द्यायचे. गड्याने एका वाक्यात सांगितलं: ‘मालक, तुमी आला की त्यो हुबा ऱ्हातोय. तुमी गेला की बसतोय.’ मे महिन्यापासून कुत्रा डाव्या कुशीवर झोपत नाही हेही त्याला माहीत होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी दोन साधे वजनकाटे मागवले, न्हाणीघरात ठेवतात तसले. दोन्ही एकाच उंचीचे, शेजारी शेजारी. मागच्या पायांखाली तेवढ्याच जाडीची फळी, नाहीतर भार पुढे सरकतो आणि आकडा खोटा येतो. कुत्रा सरळ समोर बघत असताना तीन वेळा वाचायचं आणि मधला आकडा धरायचा. निरोगी ६४ किलोच्या कुत्र्यात प्रत्येक पुढच्या पायावर साधारण १९ किलो यायला हवेत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, गड्याने नुसत्या पट्ट्यावर धरलेलं असताना, आकडे आले: डावा ९, उजवा २७. पंधरा मिनिटांनी मालकांनी शोची साखळी घातली आणि हातात लिव्हर घेतलं. डावा १७, उजवा २०.

पायात काहीच बदललं नव्हतं. कुत्रा फक्त पोखरलेल्या हाडावर आठ किलो जास्त टाकून उभा राहिला होता, कारण त्याला तसं शिकवलं होतं. त्या दिवशी शोची साखळी कपाटात गेली. पुढचे सगळे निर्णय मालक समोर नसतानाच्या नोंदींवर घ्यायचे ठरलं: आठवड्यातून एकदा काट्यावरचा आकडा, आणि पडवीत लावलेल्या जुन्या मोबाइलवरचं रात्री ११ ते ५ चं चित्रीकरण. त्यात मोजायचं काय, तर किती वेळा उठून जागा बदलली, झोपलेला असताना धापा टाकतो का, मनगट किती वेळ चाटतो. पहिल्याच रात्री तो चौदा वेळा उठला होता. दिवसा सगळे म्हणत होते की रात्री शांत झोपतो.

याच सुमारास एका क्लबने ऑक्टोबरमधल्या शोत जुन्या चॅम्पियनांच्या सत्काराचं बोलावणं दिलं. मालकांना ते हवं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांनी मनातल्या मनात तीच मुदत धरली होती. काट्याचे आकडे पाहिल्यावर त्यांनी स्वतःच नाही म्हणून कळवलं. त्याऐवजी हँडलर ऑगस्टमध्ये एकदा येऊन गेला. औषधाच्या दोन तासांनंतर हिरवळीवर फोटो काढले, सगळे बसलेले किंवा लवंडलेले. हँडलरने सवयीने पाय जुळवायला हात घातला होता, मालकांनी थांबवलं.

ठरलेली रेषा आणि गणपती

डॉक्टरांच्या आग्रहावरून ऑगस्टमध्येच एका कागदावर तीन गोष्टी लिहून घरातल्या सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. एका दिवसात दोनदा आधाराशिवाय उठता आलं नाही. सलग दोन वेळा अन्न सोडलं. काट्यावर डावा पाय पाच किलोच्या खाली गेला. तिन्हींपैकी कुठल्याही दोन घडल्या तर ४८ तासांच्या आत निरोप. सह-मालकांची लेखी संमती मोबाइलवर घेऊन ठेवली होती. हे पाऊल बहुतेक घरांत राहून जातं आणि ऐन वेळी दुसरा मालक फोन उचलत नाही.

गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी पहिली आणि तिसरी अट पूर्ण झाली. डावा पाय चार किलोवर आला होता. डॉक्टर दुसऱ्या दिवशी यायला तयार होते. घरात मात्र आजींनी सांगितलं, ‘गणपती यायचाय, आत्ता घरात हे नको.’ मुलानेही तेच धरलं. शेवटी गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतरचा दिवस ठरला. म्हणजे एक आठवडा पुढे.

आजींचं मन मोडणं सोपं नव्हतं आणि त्यांना अडाणी ठरवण्यात अर्थ नाही. पण तीच अडचण उलट बाजूने सोडवता आली असती: चतुर्थीच्या आदल्या दिवशी. सण काही अचानक येत नाही. ऑगस्टमध्ये कागद लिहिताना कॅलेंडर समोर ठेवलं असतं तर ‘या काळात रेषा ओलांडली गेली तर सणाच्या आधी’ एवढी एक ओळ वाढवता आली असती.

त्या आठवड्यात पाहुणे, ढोल, फटाके. पडवीतले मॅट पाहुण्यांसाठी उचलले गेले. विसर्जनाच्या संध्याकाळी फटाक्याच्या आवाजाने सरदार उठायला गेला, ओल्या फरशीवर घसरला आणि हाड मोडलं.

शेवटचे तीन तास

डॉक्टर मिरवणुकीच्या रस्त्यापलीकडे होते. पोचायला दोन तास लागणार होते. त्यांनी फोनवर सांगितलेल्या गोष्टी बरोबर होत्या आणि घरच्यांनी त्या केल्या: आधी मऊ पट्टीने तोंड बांधणं, कारण इतक्या वेदनेत सर्वांत गरीब कुत्राही चावतो, धाप लागली किंवा उलटीसारखं वाटलं तर पट्टी लगेच सोडायची. कुत्रा आहे तिथेच ठेवायचा, उचलायचा नाही. पायाभोवती उशी गुंडाळून, वर मासिकाचा जाड गुंडाळा ठेवून, कोपराच्या वरपासून बोटांपर्यंत सैलसर बांधायचं. मधेच बांधलं तर मोडलेल्या जागीच भार येतो. तोंडाने काही द्यायचं नाही. जवळच राहणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकांनी डॉक्टरांशी बोलून वेदनेचं इंजेक्शन दिलं.

डॉक्टर आल्यावर पुढचं काम वीस मिनिटांत झालं. आधी स्नायूत गुंगीचं इंजेक्शन. बारा-पंधरा मिनिटांत मान खाली गेली. मग मागच्या पायाच्या शिरेत जाड कॅन्युला (औषध सोडायची नळी), सलाइन सोडून ती शिरेतच आहे याची खात्री. थायोपेंटोन हे भुलीचं औषध शिरेबाहेर गेलं तर जळजळ होते आणि गुणही येत नाही. एवढ्या मोठ्या कुत्र्याला औषधाचं प्रमाण जास्त लागतं, म्हणून ते घरात शिरण्याआधीच सिरिंजमध्ये भरून आणलं होतं. थायोपेंटोननंतर श्वास थांबला, स्टेथोस्कोप पाच मिनिटं छातीवर ठेवून खात्री केली. डोळे उघडे राहतात, एखादा खोल श्वास किंवा स्नायूची थरथर नंतरही दिसते, लघवी होते. हे आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो एक उशिराचा श्वास बघून मालकांच्या पत्नी ‘जिवंत आहे’ म्हणून ओरडल्या.

कोणत्याही मालकाने डॉक्टरांना आधी एक प्रश्न नक्की विचारावा: पूर्ण भूल आधी देणार ना? मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड शुद्धीतल्या जनावराला देणं अमानुष आहे; गाढ भुलेनंतरच ती औषधं चालतात.

नंतर

६१ किलोचं शरीर चार जणांनी सतरंजीवर उचललं. दोन-तीन तासांत शरीर ताठरतं, म्हणून पाय लगेच पोटाशी दुमडून घेतले, नाहीतर खड्डा दीडपट लागतो. रात्रभर बर्फाच्या लाद्या ठेवल्या.

खड्ड्याची जागा आधी ठरली नव्हती. सकाळी जेसीबीने मळीतल्या काळ्या रानात खणलं तर पाच फुटांवर पाणी लागलं. तो बुजवून विहिरीपासून लांब, चढावरच्या मुरमाड जागेत दुसरा घेतला: साडेपाच फूट लांब, साडेतीन रुंद, सहा खोल. शरीरावर किमान चार फूट माती हवीच. भुलीच्या औषधाचा अंश शरीरात राहतो आणि कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर त्यांनाही विषबाधा होते. प्लॅस्टिक न वापरता सुती चादरीत गुंडाळलं, वर बाभळीच्या फांद्या टाकून दगड ठेवले. शहरात हाच प्रश्न दहनाचा असतो, आणि तिथे भट्टीची वजनमर्यादा आधी फोन करून विचारावी लागते. डेन किंवा मास्टिफ सगळीकडे घेत नाहीत.

मादीला शरीर हुंगू दिलं. पुढचे आठ-दहा दिवस तिने निम्मं खाल्लं आणि ती त्याच्या जागेवर झोपली. तिच्या वेळा तशाच ठेवल्या, नवीन कुत्रा आणायचा नाही असं ठरलं. मुलाला विसर्जनाला मुद्दाम थांबवून ठेवलं होतं आणि परत आल्यावर ‘डॉक्टरांकडे नेलंय’ असं सांगितलं. तीन दिवसांनी गड्याकडून त्याला खरं कळलं. घरच्यांवरचा त्याचा राग कुत्रा गेल्याच्या दुःखापेक्षा जास्त काळ टिकला. हँडलरला बातमी दुसऱ्या दिवशी एका ग्रुपवरच्या फोटोतून कळली. त्याने महिनाभर फोन घेतला नाही. कळवायच्या माणसांची यादी आणि कोण कोणाला फोन करणार हे त्या ऑगस्टच्या कागदावर मावलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

एक्स-रे सहा आठवडे आधी निघाला असता तरी या रोगाचा शेवट बदलला नसता, कारण पाय काढणं या कुत्र्यात शक्यच नव्हतं. बदलली असती ती मे-जूनमधली वेदना; त्या काळात तो बहुतांश वेदनाशामकाविना होता. दुसऱ्या एखाद्या कुत्र्यात, धडधाकट खुब्यांच्या, तेच सहा आठवडे शस्त्रक्रियेचा मार्ग उघडा ठेवू शकतात.

लेखी रेषा चांगली होती, पण ती ओलांडल्यावर पुन्हा चर्चेला बसायचं नाही हे कोणी लिहिलं नव्हतं. कागद असूनही निर्णय पुन्हा घरातल्या सर्वांत मोठ्या आवाजाकडे गेला. अशा कागदावर एका माणसाचं नाव हवं, आणि ते शक्यतो कुत्र्याला रोज सांभाळणाऱ्याचं. या घरात तो माणूस गडी होता. त्याची सही सोडाच, तो कागद त्याला दाखवलाही नव्हता.

सह-मालकांनी पुढे आपल्या केनेलमध्ये दोन बदल केले. पाच वर्षांवरच्या प्रत्येक डेनची दर तीन महिन्यांनी काट्यावर नोंद, ही पहिली. आणि विक्रीच्या करारात एक कलम: दोन मालकांपैकी एकाशी सहा तास संपर्क झाला नाही तर पशुवैद्य आणि हजर मालक मिळून निर्णय घेऊ शकतील. पिलांच्या मालकांना पाठवलेल्या पत्राला तिघांची उत्तरं आली. त्यांपैकी एकाच्या सात वर्षांच्या मादीचा मागचा पाय महिनाभर दुखत होता, गुडघ्याच्या अगदी वर. तिचा एक्स-रे त्याच आठवड्यात निघाला.